कोर्टाजवळचं टायपिंग-भाषांतराचं दुकान, जळगाव : तारखांचा तक्ता इथे करून घ्या

बोर्डावर फक्त 'टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर' एवढंच आहे, दुकानाला नाव असं काही नाही. जळगावला कोर्टापासून चालत पाच-सात मिनिटं, खाली स्टेशनरीवाला आणि बाजूने अरुंद जिना, वर एकच खोली. माझ्या भाच्यासाठी हायकोर्टात हेबियस कॉर्पसचं (बेकायदा कोंडलेल्या माणसाला सोडवायचं) पिटिशन टाकलं त्याचं सगळं कागदकाम मी इथून करून घेतलं. पाचपैकी साडेचार स्टार देतोय, अर्धा का कापला ते पण खाली सांगतो. लांब लिहिणार आहे, कारण घरातलं माणूस एमपीडीएत (खटल्याशिवाय आत ठेवायचा कायदा) आत गेलं की नेमकं काय करायचं, कुठे जायचं, हे मला त्या वेळी धड कोणीच सांगितलं नव्हतं आणि त्यात आमचे दिवस गेले.

भाचा २३ वर्षांचा. ९ जानेवारीला सकाळी त्याला घरून नेलं, माईला म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला वाटलं नेहमीसारखं चॅप्टर केससाठी (शांतता राखीन असा बॉण्ड लिहून घेतात ती) नेलंय, संध्याकाळपर्यंत येईल घरी. दुपारी कळलं की एमपीडीए लागलाय आणि पोराला थेट दुसऱ्या विभागातल्या मध्यवर्ती जेलला घेऊन गाडी निघाली पण. जिल्हा कुठला, आदेश कोणी काढला, जेल कुठलं हे काही टाकत नाही, पोराचं नाव निघायला नको. मी हेही स्पष्ट लिहितो की तो काही धुतल्या तांदळासारखा नाही. पाच गुन्हे आहेत त्याच्यावर, मारामारी, धमकी, एकाची गाडी फोडली ते. ते खटले चालू द्या, पुरावा असेल तर शिक्षा होऊ द्या, माझं काहीच म्हणणं नाही. पण एमपीडीएत खटलाच नसतो हो. १९८१ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले अशांसाठी, नंतर त्यात धोकादायक व्यक्ती आणि वाळूवाले पण आले, आणि त्यात पुढे गुन्हा करशील म्हणून आधीच आत ठेवतात, एका आदेशावर, बारा महिन्यांपर्यंत. जामीन मागायला कोर्टच नाही कारण कोर्टाने पाठवलेलंच नाही. आदेश योग्य आहे का ते बघणारं सल्लागार मंडळ असतं पण तिथे वकील उभा करायचा हक्क नाही, पोराने स्वतः बोलायचं, आणि आठवी शिकलेलं पोर तीन मोठ्या माणसांसमोर काय बोलणार.

मग एकच दार उरतं ते म्हणजे हेबियस कॉर्पस. शाळेत नागरिकशास्त्रात 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणून पाठ केलं होतं तेच हे, म्हणजे कोंडलेल्या माणसाला समोर आणा आणि कुठल्या अधिकाराने कोंडलंय ते दाखवा. घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जायचं. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचं औरंगाबाद खंडपीठाला जातं (मालेगाव नाशिक जिल्ह्यात म्हणून त्यांचं मुंबईला, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच चुकीच्या वकिलाकडे जाऊन बसतात). एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कोर्टाने रीतसर शिक्षा दिली असेल किंवा रिमांड नियमात असेल तर तिथे साधारणपणे हेबियस चालत नाही, तिथे अपील करा, जामीन मागा. दुकानात माझ्यासमोरच एक बाबा आले होते, मुलाला सेशन कोर्टात सात वर्षं लागली होती आणि कोणीतरी त्यांना सांगितलं हेबियस टाका. दुकानवाल्या काकांनी त्यांचं एक पान सुद्धा टाइप केलं नाही, पाणी दिलं, अपिलाची मुदत किती राहिली ते मोजून दिलं आणि वकिलाकडे पाठवलं. पैसे घेतले नाहीत. तिथेच मला कळलं हे दुकान कसं आहे.

पण मी आधी इथे आलोच नव्हतो. आधी दुसरीकडे गेलो, नाव घेत नाही. आदेशासोबत भाच्याला जे बंडल मिळालं होतं ते २१२ पानांचं, त्यात एफआयआर, जबाब, पंचनामे, जामिनाचे आदेश, सगळं. त्यातली दीडशेच्या वर पानं मराठी, आणि हायकोर्टात मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. त्या दुकानाने पानाला ४० रुपये सांगितले, चार दिवसांत करून दिलं, मी खूश. वकीलसाहेबांनी घाईत दाखल केलं आणि फाईलिंगला ऑब्जेक्शनची ही लांब यादी निघाली. अर्धी पानं अंधुक, पानांचे नंबर इंडेक्सशी जुळत नाहीत, भाषांतराखाली सही नाही. आणि भाषांतर बघाल तर मशीनमधून काढून चिकटवलेलं. 'स्थानबद्ध' ला 'अरेस्ट' लिहिलेलं, 'फिर्यादी' ला 'प्लेंटिफ', आणि 'हद्दपार' ला 'डिपोर्ट'. वकीलसाहेबांनी फोनवर सांगितलं की या एका शब्दाने असं वाटतं की पोराला देशाबाहेर काढलं होतं. १७ दिवस गेले त्यात. १७ दिवस तुमच्या-आमच्यासाठी काही नाहीत पण माई रोज संध्याकाळी फोन करायची, एकच वाक्य, "भाऊ, मना पोऱ्या कव्हय घर येई?" (माझा पोरगा कधी घरी येईल) आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

मग वकीलसाहेबांच्याच ज्युनिअरने या दुकानाचं सांगितलं.

दुकानात दोन माणसं. काका कोर्टातून स्टेनो म्हणून रिटायर झालेले, ६७-६८ चे असतील, आणि त्यांची सून, मी वहिनीच म्हणतो, उमवितून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) इंग्रजीत एम.ए., भाषांतर सगळं त्या करतात. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, कोपऱ्यात जुन्या हिरव्या लेजर कागदाची रिमं अजून पडलेली, हायकोर्टाला पूर्वी तो लागायचा. मी बंडल टेबलावर ठेवलं आणि विचारलं किती दिवस, किती पैसे. काकांनी आकडा सांगितलाच नाही. म्हणाले, "भाऊ, आधी वाचू द्या. दोन दिवसांनी या, मग सांगतो." मला तेव्हा राग आला होता खरं तर, एवढे दिवस गेलेत आणि हा माणूस अजून दोन दिवस मागतोय. पण हाच सगळा फरक आहे. बाकी ठिकाणी कागद टाइप करतात, इथे आधी वाचतात.

दोन दिवसांनी गेलो तर काकांनी एक मोठं रजिस्टर उघडलं, आडवं, पट्टीने रेघा मारलेलं, चार रकाने. तारीख, काय झालं, बंडलातलं पान, आणि शेवटचा रकाना 'कायद्याची मुदत'. वकिलांच्या भाषेत लिस्ट ऑफ डेट्स, प्रत्येक पिटिशनला असतेच, पण ती बहुतेक वेळा चार ओळींची असते. काकांची साडेतीन पानं होती. आदेश ७ जानेवारी. ताब्यात घेतलं ९ जानेवारी. कारणं दिल्याची पोच, इथे मुदत ५ दिवस. राज्य सरकारची मंजुरी, आदेशापासून १२ दिवस, नाही मिळाली तर आदेश आपोआप संपतो. सल्लागार मंडळाकडे प्रकरण पाठवणं, ताब्यात घेतल्यापासून ३ आठवडे. मंडळाचा अहवाल, ७ आठवडे. एकेक खाली बोट ठेवून मला समजावलं आणि पुढे बरोबरची खूण, बरोबरची खूण, बरोबरची खूण. म्हणाले इथे त्यांनी काही चूक केलेली नाही, इथे भांडू नका, कोर्टाचा वेळ जातो. मला ते फार आवडलं. आपल्या बाजूचं काम घेतलंय म्हणून समोरच्याचं सगळंच चूक असं नाही म्हणाले.

मग एका ओळीवर थांबले. तिथे खूण नव्हती.

घटनेच्या कलम २२(५) प्रमाणे आत टाकलेल्या माणसाला कारणं सांगावी लागतात आणि लवकरात लवकर आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. भाच्याने जेलमधून सरकारला अर्ज केला होता, हाताने लिहिलेला, दोन पानं. त्याची प्रत वकिलांना मिळाली होती, मी ती शंभर वेळा बघितली असेल. काकांनी ती खिडकीच्या काचेवर धरली, उजेडासमोर, आणि मागच्या बाजूचा फिका शिक्का दाखवला, जांभळा, अर्धा पुसलेला. ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं. 'जावक' दिसत होतं, मग क्रमांक, मग तारीख, २ फेब्रुवारी. आणि पुढच्या बाजूला भाच्याच्या सहीखाली त्याने स्वतः टाकलेली तारीख २० जानेवारी, शेजारी तो घेणाऱ्या जेल कर्मचाऱ्याची छोटीशी सही, ती पण २० चीच. म्हणजे अर्ज जेलमधून बाहेर पडायलाच १३ दिवस. काका म्हणाले, "हे तेरा दिवस कुठे गेले ते त्यांना विचारायला लावा. बाकी वकीलसाहेब बघतील." त्यांनी त्या शिक्क्याचा वेगळा मोठा झेरॉक्स काढला, गडद करून, आणि खाली जसं दिसतंय तसं टाइप केलं, जो अंक नीट लागत नव्हता तिथे 'अस्पष्ट' लिहिलं. अंदाजाने अंक भरला नाही.

यावरून आठवलं, माझा अमळनेरचा एक वर्गमित्र अमेरिकेत असतो, त्याला फोनवर हे सांगत होतो तर तो म्हणाला तिकडे पण हेबियस आहे पण त्याची तऱ्हा वेगळी आहे. तिकडे राज्याच्या कोर्टाने शिक्षा दिलेला कैदी सुद्धा हेबियस घेऊन फेडरल कोर्टात जाऊ शकतो, जे आपल्याकडे होत नाही. पण आधी राज्यातल्या कोर्टांमधले सगळे मार्ग संपवायचे, आणि १९९६ च्या कायद्याने साधारण शिक्षा कायम झाल्यापासून एक वर्षाची मुदत, ती गेली की बहुतेकांचं दार बंद. फी फक्त ५ डॉलर आणि बरेच कैदी वकिलाशिवाय स्वतःच छापील फॉर्म भरून टाकतात. आणि एक गोष्ट त्याने सांगितली ती मी काकांना येऊन सांगितली, की तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये ठरवून टाकलं की वकील नसलेल्या कैद्याने पाकीट जेलच्या अधिकाऱ्याच्या हातात दिलं तोच दिवस दाखल झाल्याचा धरायचा, पुढे टपालात किती दिवस गेले ते कैद्याच्या माथी मारायचं नाही, कारण कैदी काही स्वतः जाऊन पोस्टात टाकू शकत नाही. काका हसले नाहीत की काही नाही, वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं, वर्षासकट. आपल्याकडे हेबियसला अशी एक वर्षाची मुदत नाही आणि आई, बाप, मित्र कोणीही त्याच्या वतीने टाकू शकतो, आमचं माईच्या नावाने टाकलं. पण पाकीट जेलमध्ये पडून राहिलं तर तो दिवस कोणाच्या खात्यात, हा प्रश्न इकडे तिकडे सारखाच आहे.

आता वहिनींचं काम. पानाला १३० रुपये घेतात, आधीच्या तिप्पट, आणि मी सांगतो ते पैसे वाजवी आहेत. एमपीडीएच्या बंडलात दोन गोपनीय जबाब असतात, साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब', नाव-गाव काही नाही, म्हणे भीतीने पुढे येत नाहीत. त्या दोन जबाबांवर खूप काही टिकलेलं असतं कारण कायद्यात नुसतं भांडण पुरत नाही, 'सार्वजनिक सुव्यवस्था' बिघडली पाहिजे. राममनोहर लोहियांना बिहारमध्ये असंच आत टाकलं होतं तेव्हा सुप्रीम कोर्टाने १९६५ साली सांगितलं की तीन वर्तुळं समजा एकात एक, सगळ्यात मोठं कायदा आणि सुव्यवस्था, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, आणि सगळ्यात आत राज्याची सुरक्षितता, आणि बाहेरच्या वर्तुळातली प्रत्येक गोष्ट आतल्यात येत नाही. दोघांचं भांडण झालं तर त्याचा गुन्हा दाखल करा, पूर्ण गल्लीचं जगणं थांबलं का ते वेगळं बघा. म्हणून त्या जबाबात ठरलेली वाक्यं येतात, लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी शटर खाली ओढले.

वहिनींनी दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवले आणि मला वाचायला लावले. वेगळ्या तारखेचे, वेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या माणसांचे. आणि ओळच्या ओळ एक. 'दहशत' हा शब्द दोन्हीकडे 'दहशद' असा टाइप झालेला, दोन्हीकडे त्याच वाक्यात. इंग्रजीत ही चूक दिसणार कशी? त्यांनी दोन्ही जबाबांचं भाषांतर शब्दाला शब्द सारखं ठेवलं, कुठेही वाक्य फिरवलं नाही, आणि मराठी पान समोरासमोर येईल अशी बांधणी केली. दुसऱ्या कोणी केलं असतं तर एक जबाब सोमवारी, एक गुरुवारी, इंग्रजी वेगवेगळं झालं असतं आणि हे झाकलं गेलं असतं.

आणि अजून एक, यात माझी आणि त्यांची थोडी वादावादी झाली. एका जबाबात लिहिलं होतं की भाच्याने चाकू दाखवून खिशातले ८०० रुपये काढून घेतले. मी म्हणालो वहिनी, 'चाकू' ऐवजी काही तरी हलकं टाकता येईल का, 'धारदार वस्तू' वगैरे. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दादा, मूळ कागदात चाकू आहे तर इंग्रजीत चाकूच येईल. एक शब्द फिरवला ना, मग माझ्या पूर्ण दीडशे पानांवर कोण विश्वास ठेवेल?" मी तेव्हा गप्प बसलो, मनातून खटकलं होतं. आज मला वाटतं त्या दुकानाची सगळी किंमत त्या एका नकारात आहे.

त्यांनीच शोधून काढलं की बंडलात एक जामिनाचा आदेश इंग्रजीत आहे, चार पानं, कारणांमध्ये त्याचा उल्लेख आहे, आणि मराठी भाषांतर भाच्याला दिलेलंच नाही. पोरगं मराठी शाळेत आठवीपर्यंत. याला आधार पण जुना आहे आणि आपल्याच राज्यातला, १९६२ चा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्टाचा, की माणसाला समजेल अशा भाषेत कारणं दिली पाहिजेत, नुसतं तोंडी समजावून सांगितलं एवढ्याने भागत नाही. हे वकीलसाहेबांना माहीत होतंच, पण २१२ पानांत ती चार पानं कुठे आहेत ते वहिनींनी दाखवलं.

एकदा पाऊण तास लाइट गेली, एप्रिलचा मध्य, जळगावचं ऊन, खोलीत भट्टी, आणि काका बोलत बसले. म्हणाले मी टायपिंग शिकत होतो ना, १९७६, त्या वर्षी हे दारच बंद झालं होतं. आणीबाणीत आत टाकलेल्यांचे हेबियस सुप्रीम कोर्टात गेले आणि २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल आला की आणीबाणी आहे तोवर असा अर्ज चालणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळं बोलले, आणि त्यांचं सरन्यायाधीशपद त्या नंतर हुकलं. तो निकाल चूक होता हे कोर्टाने स्पष्ट सांगायला २०१७ उजाडलं. काका म्हणाले म्हणून माझ्याकडे हेबियसचा कागद आला की मी तो दुसऱ्या कामाखाली ठेवत नाही. आणि खरंच ठेवला नाही, आमच्या मागून आलेला एक खरेदीखताचा गिऱ्हाईक कटकट करून निघून गेला, तरी नाही.

पुढचं पटकन सांगतो. नवीन पेपरबुक (पिटिशन आणि सगळे कागद बांधलेला सेट) दाखल झालं, एक सुद्धा ऑब्जेक्शन नाही. मी स्वतः पहाटेच्या एसटीने अजिंठ्याच्या घाटातून सेट घेऊन गेलो होतो, मांडीवर. क्रिमिनल रिट पिटिशन म्हणून नंबर पडला, दोन न्यायमूर्तींच्या बेंचसमोर. मग नोटीस, सरकारचा रिप्लाय यायला वेळ, मे महिन्याची सुट्टी. मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सीएनआर नंबर टाकून मी दिवसातून चार वेळा बघायचो, केस बोर्डावर म्हणजे सुनावणीच्या यादीत आली का. जूनमध्ये आली. मी मागच्या बाकावर होतो. वकीलसाहेबांनी काकांचा तक्ता उघडला आणि सरळ त्या ओळीवर गेले, न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं की २० जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात अर्ज कुठे होता, रिप्लायमध्ये याबद्दल काय आहे. रिप्लायमध्ये काही नव्हतं. आदेश रद्द झाला त्याच मुद्द्यावर, अर्जाचा विचार करायला झालेल्या उशिराचं स्पष्टीकरण नाही म्हणून, आणि बाकीच्या मुद्द्यांत जायची गरज नाही असं लिहिलं. म्हणजे वहिनींनी शोधलेली ती चार पानं आणि दोन सारखे जबाब, याच्यावर कोर्ट काहीच बोललं नाही. मी त्यांना येऊन सांगितलं तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या होत्या, मग म्हणाल्या, सुटला ना, झालं. २० जूनला भाचा घरी आला. पाच महिने ११ दिवस. त्याचे जुने खटले चालू आहेत, तारखांना जातोय.

आता अर्धा स्टार का कापला. एक तर फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, कामात असले की फोन टेबलाच्या खणात. बाहेरगावच्या माणसाला यामुळे फुकटची चक्कर पडते, मी अमळनेरहून दोनदा येऊन परत गेलो. दुसरं, पैशाचा अंदाज आधी नीट सांगत नाहीत, आमचं भाषांतर, टायपिंग, सहा सेट, बाइंडिंग मिळून २६ हजाराच्या वर गेलं, माईने त्या वर्षीचा कापूस विकून दिले, आधी माहीत असतं तर जुळवाजुळव नीट करता आली असती. बिल मागितलं तर लगेच दिलं पण मागावं लागलं. आणि तिसरं म्हणजे पहिल्या प्रिंटमध्ये आमच्या गावाच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं पडलं होतं, मी दाखवलं, काकांनी लगेच पूर्ण सेटमध्ये स्वखर्चाने बदलून दिलं, पण तपासायचं काम मलाच करावं लागलं. तुम्ही पण नावं, वय, गाव, गुन्हा नंबर स्वतः बसून तपासा, कितीही विश्वास असला तरी.

पैसे नसतील तर त्यासाठी थांबून राहू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात कलम १२ आहे, कोठडीत असलेल्या माणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. जेलमध्येच अर्ज देता येतो, किंवा १५१०० ला फोन करा. आणि पोराने जेलमधून साधं पत्र लिहिलं तरी त्याला किंमत आहे. १९८० च्या आसपास सुप्रीम कोर्टाने एका कैद्याचं पत्र हेच पिटिशन धरून काम चालवलंय, आणि नुसत्या पोस्टकार्डावरही कोर्ट हललंय असं एका निकालात लिहून ठेवलंय. फक्त पत्रावर तारीख टाकायला सांगा आणि जेलमध्ये ज्याच्या हातात देईल त्याची सही घ्यायला सांगा. आमचं सगळं त्या छोट्या सहीवर उभं राहिलं, हे मी जेलमध्ये मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो, आता इथेही सांगतो.

इथे गेलात तर मूळ कागद देऊन येऊ नका, काका स्वतःच ठेवून घेत नाहीत, समोर झेरॉक्स काढतात आणि मूळ परत देतात. जेलने दिलेलं पाकीट सुद्धा फेकू नका, त्याच्यावरचे शिक्के त्यांना लागतात. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी खूप गर्दी असते. दुपारी दीड ते अडीच बंद, घरी जेवायला जातात. जिना अरुंद आहे आणि कठडा नाही, म्हाताऱ्या माणसाला सोबत नेलं असेल तर त्यांना खाली स्टेशनरीवाल्याकडे बसवा, तो खुर्ची देतो, आणि वर हाक मारली की वहिनी स्वतः खाली येऊन सही घेऊन जातात, माईची सही त्यांनी तशीच घेतली होती.